मागच्या काचेखालचे स्पीकर

श्रीहरीरावांना कुणी मेकॅनिक म्हटलेलं खपत नसे. मेकॅनिक गाडीच्या खाली जातो, मी गाडीच्या आत बसतो, असं ते ठणकावून सांगत. बेंगळुरूच्या जुन्या मोटारबाजारातल्या एका बोळात त्यांचं कार स्टिरिओचं दुकान होतं आणि त्या बोळात त्यांना सगळे नुसतं 'राव' म्हणत. रावांचा कान ही त्या बोळातली नावाजलेली चीज होती. बंद गाडीच्या बाहेर उभं राहून आतला कुठला स्पीकर उलटा जोडला गेलाय ते राव सांगतात, अशी तिथे ख्याती होती. ती खरी होती की नाही ते सोडा. पसरवली होती मुख्यतः रावांनीच.

घराणं बसवनगुडीतलं, काही शतकांपूर्वी इकडे येऊन इथलंच होऊन गेलेल्या मराठी मंडळींपैकी. घरात मराठी, दारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी अशी घडी पिढ्यान्‌पिढ्या बसलेली. वडील भीमसेनराव सरकारी लेखा कचेरीत, काका तिथेच, आणि काकांचा मुलगा अरविंद पुढे तिथेच चिकटला. श्रीहरी मात्र पीयूसीला, म्हणजे बारावीला, आपटला, पुन्हा बसून पुन्हा आपटला आणि एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसला. त्या दिवसापासून भीमसेनराव मुलाची ओळख करून देताना 'हा धाकटा' एवढंच म्हणत. धाकटा करतो काय, ते त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

अरविंद तसा नव्हता. तो सांगायचा आणि मोठ्यांदा सांगायचा. लग्नामुंजीत पंगत बसली आणि भजनाचा माईक खरखरायला लागला की तो तिथूनच ओरडायचा, "अरे, आमच्या श्रीहरीला बोलवा. एवढं एकच येतं त्याला." पंगत हसायची. श्रीहरी उठून, उष्टा हात धुऊन माईक नीट करायचा. परत येईपर्यंत पानातला भात गार झालेला असायचा.

असल्या गार भातावरच रावांचा स्वभाव पोसला गेला. तिखट, ताठ आणि मनात कुढणारा.

खरखर काढता काढता ते गाड्यांकडे वळले आणि तिथे त्यांचे दिवस पालटले. त्या काळी गाडी यायची ती मुकी. डॅशबोर्डमध्ये एक चौकोनी भोक आणि त्यावर प्लॅस्टिकचं झाकण. त्या भोकात काय बसवायचं ते गिऱ्हाईक ठरवायचं आणि गिऱ्हाइकाने काय ठरवायचं ते राव ठरवायचे. टेप पुढे, दोन स्पीकर दारांत, दोन मागच्या काचेखालच्या फळीवर. मालक गाणी कसली ऐकतो, काचा उघड्या ठेवतो की बंद, मागे बसतं कोण, असल्या चौकशा केल्याशिवाय राव पान्याला हात लावत नसत. मागे म्हातारे आईवडील बसत असतील तर वेगळं, पोरंटोरं बसत असतील तर वेगळं. गिऱ्हाइकं वैतागायची, पण दुसरीकडे जायची नाहीत.

काम झालं की रावांची एक रीत होती. गिऱ्हाइकाला पुढे बसवायचं, आपण मागे बसायचं आणि त्याला फेडर फिरवायला लावायचं. टेपवरचं बॅलन्सचं बटण आवाज डावीकडे-उजवीकडे नेतं, फेडरचं बटण पुढे-मागे. आधी सगळा आवाज पुढे, मग सगळा मागे. आवाज मागे आला की राव डोळे मिटायचे, हात मानेमागे न्यायचे आणि तळवा स्पीकरच्या जाळीवर ठेवायचे. आतला कागद थरथरतो, त्याच्या गुदगुल्या तळव्याला होतात. त्या झाल्या की काम पुरं. "बंद गाडीत आवाज काचांवर आपटून चहूकडून येतो," ते समजावून सांगत. "कुठून निघाला ते कानाला कळेलच असं नाही. हाताला कळतं." आणि लगेच पुढे जोडत, "माझ्या कानाची गोष्ट वेगळी."

शेजारी देवाप्पाचं दुकान होतं. तोही स्टिरिओच बसवायचा. जाळीवर हात ठेवायची रीत त्याने रावांचीच उचलली होती आणि ते तो कबूलही करायचा.

मग गाड्या बोलक्याच जन्माला यायला लागल्या. आधी कंपन्या स्वतःचा टेप घालून देऊ लागल्या, तेव्हा राव हसले, कारण कंपनीचा काढा आणि चांगला बसवा म्हणत लोक येतच होते. नंतर टेपच्या जागी काचेचा मोठा पडदा आला आणि रावांचं हसू मावळलं. तो पडदा काढता येत नाही, कारण तो नुसतं गाणं वाजवत नाही. त्याच्यात एसी आहे, फोन आहे, नकाशा आहे, गाडी मागे घेताना दिसणारा कॅमेरा आहे. फोन आला की गाणं आपसूक दबतं, गाडीने वेग घेतला की आपसूक चढतं. पट्टा लावला नाही तर टुणटुण करणारा आवाज त्यातूनच आणि इंडिकेटरची टिकटिकसुद्धा आता स्पीकरमधूनच. एक वायर तोडली तर कुठला अवयव लुळा पडेल याचा नेम नाही, आणि तोडली की वॉरंटी संपली. "ही गाडी नव्हे, एकत्र कुटुंब आहे," राव चरफडत म्हणायचे. "एकाला हात लावला की सगळे ओरडतात."

देवाप्पाने वारं ओळखलं आणि तो सीट कव्हरं शिवायला लागला. त्याने रावांनाही सांगून पाहिलं. रावांनी ताठा सोडला नाही, तेव्हा गिऱ्हाइकांनी रावांना सोडलं. शेवटी अर्धं दुकान देवाप्पाला दिलं, पुढे उरलेलंही दिलं आणि राव घरी बसले.

त्यात मुलगा सुमंत शिकून मोठा झाला आणि गाड्यांच्या याच पडद्यांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत लागला. अरविंदला तेवढंच पाहिजे होतं. "बापाने भोकं पाडली, पोराने बुजवली," असं तो चार माणसांत म्हणाला. राव त्यावर हसले, पण घरी आल्यावर जेवले नाहीत.

दुकान रिकामं करताना रावांनी एकच वस्तू घरी आणली होती. लंबगोल स्पीकरांची एक जोडी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. सुमंत शाळेत असताना हाती लागलेली. अशी जोडी पुन्हा मिळणार नाही म्हणून कितीजणांनी मागितली. राव म्हणायचे, "ती सुमंतच्या पहिल्या गाडीची आहे." बायको कमला दर दिवाळीला ते गाठोडं पुसून परत कपाटावर ठेवायची.

रावांना आता दुसरं काही मागायचं नव्हतं. गावभरच्या गाड्या त्यांनी बोलत्या केल्या, पण नात्यातलं कुणी कधी कौतुकाने येऊन बसलं नव्हतं. लेखा कचेरीतली माणसं बसने जायची आणि गाड्या घेईपर्यंत त्यांना पडद्यांचा जमाना आला. मुलाच्या गाडीत तरी ती बसतील. अरविंद बसेल. एकदा डोळे मिटून ऐकेल आणि कळेल त्याला, की पीयूसीला आपटलेला माणूस जन्मभर करत काय होता. रावांनी हे तोंडाने कधी म्हटलं नाही, पण कमलाला ते ठाऊक होतं आणि सुमंतलाही.

सुमंतने गाडी घेतली आणि पूजेसाठी एचएसआर लेआउटमधल्या आपल्या घरून बसवनगुडीला आणली. चाकांखाली लिंबं ठेवून झाली, नारळ फुटला आणि राव गाठोडं घेऊन बाहेर आले.

"अण्णा, ह्यात आधीच स्पीकर आहेत हो," सुमंत म्हणाला. "चार दारांत चार."

"असतात तसले. डब्यात वाटाणे हलवल्यासारखे वाजतात."

"वॉरंटीचं काय करायचं पण?"

"वॉरंटी मी देतो."

सुमंतने आईकडे पाहिलं. कमला हळूच म्हणाली, "करू दे रे. सरी म्हण." सुमंत 'सरी', म्हणजे बरं, म्हणाला.

पुढचा रविवार रावांनी त्या गाडीत काढला. मागच्या दारांतल्या स्पीकरांच्या वायरी तोडून त्यांनी सीटखाली दडवलेल्या एका लहान अॅम्प्लिफायरला दिल्या आणि तिथून वर, काचेखालच्या फळीवर बसवलेल्या आपल्या लंबगोल जोडीला. सुनेला, सौम्याला, फळीला पडलेली भोकं बघवेनात, ती आत निघून गेली. संध्याकाळी राव मागे बसले आणि सुमंतला म्हणाले, "आता सगळा आवाज मागे आण." सुमंतने पडद्यावरच्या गाडीच्या चित्रात एक ठिपका बोटाने मागे ओढला. मृदंग वाजायला लागला. रावांनी डोळे मिटले, तळवा मागे नेऊन जाळीवर ठेवला आणि गुदगुल्या होताच त्यांच्या तोंडावर असं हसू आलं, की कमलाने ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तेवढं पाहिलं होतं.

पुढे काही दिवसांनी गाडीचा पडदा मध्येच काळा पडू लागला. एकदा रिंग रोडवर नकाशा गेला. एकदा सौम्या गाडी मागे घेत असताना कॅमेरा गेला आणि गाडी पार्किंगच्या खांबाला लागली. सुमंतने गाडी सर्व्हिसला टाकली आणि आणल्यावर अण्णांना सांगितलं, "अपडेट मारलं. सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम होता."

"सॉफ्टवेअरचाच असणार," राव म्हणाले. "माझ्या जोडणीत खोट निघायची नाही. तुमच्यातल्याच कुणाची तरी करणी."

"हो अण्णा," सुमंत म्हणाला. पोराला अक्कल आली असं वाटून राव मनातून सुखावले.

त्यानंतरचं वर्ष रावांच्या आयुष्यातलं बरं वर्ष होतं. रविवारी सुमंत यायचा, आईवडिलांना कुठे कुठे न्यायचा, आणि राव मागे बसून सगळ्यांचं डोकं खायचे. "ही थाप ऐकलीत? कंपनीच्या स्पीकरला जमेल ही?" सौम्या फोनमध्ये बघायची. कमला हुंकार भरायची. सौम्याने मागच्या फळीवर दोन उशा आणून ठेवल्या, तेव्हा राव आधी कुरकुरले, आवाज दबेल म्हणून. मग त्यांनाच वाटलं, उशा ठेवूनही इतका स्वच्छ येतो म्हणजे बघा आपलं काम.

एकदा त्यांनी गाडी मुद्दाम बोळात नेववली आणि देवाप्पाला मागे आपल्याशेजारी बसवलं. देवाप्पा ऐकत राहिला. जुन्या सवयीने त्याचा हात मागे गेला, उशी सारून जाळीवर बसला आणि थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने तो काढून मांडीवर ठेवला. "चेन्नागिदे, राव," तो कन्नडमध्ये म्हणाला. "तुंबा चेन्नागिदे." छान आहे, फार छान आहे. मग नेहमीसारखा चहाचा आग्रह न करता तो उतरून गेला. सीट कव्हरं शिवून कान गेला बिचाऱ्याचा, असं राव घरी आल्यावर कमलाला म्हणाले.

यंदा अरविंदने येलहंक्याला घर बांधलं. वास्तुशांतीचं आमंत्रण करायला त्याचा फोन आला आणि बोलता बोलता तो म्हणाला, "तुझ्या त्या स्पीकरांचं फार कानावर आलंय रे. येशील तेव्हा बसव एकदा गाडीत. बघू तरी." त्यात चेष्टा होती की नाही हे रावांनी फोन ठेवल्यावर बराच वेळ ताडून पाहिलं आणि नव्हती असं ठरवलं. वास्तुशांतीच्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. कमला म्हणाली, "नवरदेव निघाला."

गांधी बाजाराजवळ सुमंतने गाडी कडेला घेतली. हार आणि फळं घ्यायची होती. "एसी चालू ठेवतो, आलोच," म्हणून तो आणि सौम्या उतरले. कमलाचे गुडघे दुखत होते, म्हणून ती आणि राव मागेच बसून राहिले. सुमंतने दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकत ठेवले होते आणि त्यांची टिकटिक आत चालू होती.

"हे ऐकवत नाही हो," कमला म्हणाली. "गाणं तरी लावा."

रावांनी त्या पडद्याला आजवर बोट लावलं नव्हतं. त्याच्याशी त्यांचं वैरच होतं. पण आज मन प्रसन्न होतं. दोन सीटांमधून वाकून त्यांनी चाचपडत गाणं लावलं आणि पुढे काय काय आहे ते बघता बघता ते गाडीचं चित्र आलं, मधोमध ठिपका असलेलं. रावांना जुना दोस्त भेटल्यासारखं झालं. अरविंद मागेच बसणार. मग पुढचा आवाज हवाय कशाला? त्यांनी ठिपका बोटाने मागे ओढला. पुढचे स्पीकर गप्प झाले आणि सगळं गाणं मागे आलं, भरदार, स्वच्छ.

राव मागे टेकले. डोळे आपोआप मिटले. हात आपोआप मागे गेला, उशीखाली शिरला आणि तळवा जाळीवर बसला.

काही नाही.

एसीमुळे हात बधिर झाला असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी तळवा धोतराला घासला आणि दाबून ठेवला. जाळी गार आणि स्वस्थ होती. कमलाच्या डोक्यामागून हात नेऊन त्यांनी दुसरा स्पीकर पाहिला. तोही तसाच. गाणं मात्र चालू होतं. रावांनी मग हात खाली नेला, गुडघ्यापाशी, दाराच्या आतल्या बाजूला जिथे कंपनीची बारकी भोकं असतात तिथे. तळव्याला गुदगुल्या झाल्या.

त्यांनी कमलाकडे पाहिलं. ती काचेतून बाहेरच्या फुलवालीकडे बघत होती, आणि इतका वेळ फुलवालीकडे बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

कमला तशीच बाहेर बघत म्हणाली, "पडदा बंद पडायचा ना हो. सौम्याने गाडी ठोकली. ते सर्व्हिसवाले म्हणाले, ती बाहेरची जोडणी काढा, नाहीतर आम्ही हात लावणार नाही. सुमंतचा इलाज नव्हता. म्हणाला, जोडणी काढू, स्पीकर राहू देत जागेवर. अण्णांना वाईट वाटेल."

"म्हणजे वर्ष झालं."

"तुम्ही इतके खूश होता," कमला म्हणाली. "कुणी सांगायचं?"

पोराने फसवलं याचा राग यायला हवा होता आणि तो आलाही. बायको सामील, सून सामील, सगळ्यांनी मिळून म्हाताऱ्याच्या हातात खुळखुळा दिला. पण त्या रागाच्या खाली दुसरं काही होतं आणि ते रागापेक्षा वाईट होतं. कुणी खोटं बोललं तर त्याला जाब विचारता येतो. कानाला जाब कसा विचारायचा? वर्षभर दर रविवारी राव याच सीटवर बसून कंपनीच्या स्पीकरांचं कौतुक करत होते आणि कंपनीच्या स्पीकरांना नावं ठेवत होते. आवाज मानेमागून येतो की गुडघ्यापासून, एवढंही या कानाला कळलं नव्हतं. कधी गेला हा कान? दुकान होतं तेव्हाच गेला होता का? की ख्याती होती तेवढीच, आणि कान असा कधी नव्हताच?

मग त्यांना देवाप्पाचा हात आठवला. जाळीवर ठेवलेला, थोडा वेळ राहिलेला आणि मांडीवर परत गेलेला. देवाप्पाला तेव्हाच कळलं होतं. म्हणजे बोळाला कळलं होतं.

हार आणि फळांच्या पिशव्या घेऊन सुमंत येताना दिसला. रावांनी झटकन वाकून ठिपका मधोमध आणून ठेवला. चोरी पकडली जाऊ नये म्हणून चोराने करावं तसं ते झालं, पण चोर आपण कसे झालो हे त्यांना कळेना. घाईत ते चित्र मात्र पडद्यावर तसंच राहिलं. सुमंत आत बसला, त्याने पडदा पाहिला, मग आरशातून मागे पाहिलं.

"काही शोधत होता का अण्णा?"

"गाणं," राव म्हणाले.

येलहंक्याच्या वाटेवर सौम्याने एकदा काय झालं म्हणून मागे वळून विचारलं, तेव्हा कमलाने मानेनेच तिला गप्प केलं.

अरविंद फाटकाशीच उभा होता. बायका उतरून आत गेल्या. राव उतरायच्या आत त्याने पलीकडचं दार उघडलं आणि तो त्यांच्याशेजारी येऊन बसला. "भटजी यायचेत अजून. चल, ऐकव."

"काका, आधी घर तर दाखवा," सुमंत घाईघाईने म्हणाला. "गाणं काय, नंतरही…"

"घर कुठे पळून जातंय? तू लाव रे."

सुमंतने मान वळवून बापाकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. एक शब्द बोलला की सगळं मोकळं होईल, हे रावांना दिसत होतं. पोराने जोडणी काढून टाकली, म्हणायचं. अरविंद हसेल. आणि मग विचारेल, तुला वर्षभर कळलं नाही? तुला?

"लाव," राव म्हणाले. "आणि आवाज सगळा मागे आण."

सुमंतचं बोट पडद्यावर जाऊन थांबलं. "अण्णा…"

"सगळा मागे."

ठिपका मागे गेला. मृदंग वाजायला लागला. अरविंदने खरंच डोळे मिटले. चेष्टा करायची म्हणून बसलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते रावांना पाठ होतं आणि हा तसा नव्हता. तो मन लावून ऐकत होता, शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"श्रीहरी," तो म्हणाला, "आजवर मी तुझी टिंगलच केली. पण खरं सांगतो, आमच्या गाडीतल्या कंपनीच्या स्पीकरांना ही सर नाही. ते नुसते वाजतात. हे बोलतात. कान लागतो बाबा ह्याला, कान." त्याने हात मागे नेला आणि उशी बाजूला केली. "हेच ना ते?"

"हेच," राव म्हणाले.

अरविंदने शाबासकी द्यावी तसं त्या जाळीवर थोपटलं आणि तो उतरला.

हेच शब्द, याच माणसाच्या तोंडून ऐकायला राव जन्मभर थांबले होते. ते आले आणि कंपनीच्या खात्यात जमा झाले. सुमंत पुढे मान खाली घालून बसला होता. "अण्णा, मी सांगणार होतो," तो म्हणाला. राव म्हणाले, "बंद कर ते," आणि उतरून आत गेले.

पूजा झाली. गच्चीवर मांडव होता. त्याखाली पंगत बसली आणि कोपऱ्यातल्या भजनी मंडळाचा माईक खरखरायला लागला. पंगतीतल्या माणसांनी कानावर हात ठेवले. अरविंद पानावरून उठून उभा राहिला आणि मोठ्यांदा म्हणाला, "थांबा, आमचा श्रीहरी बघेल. त्याच्यासारखा कान आपल्या नात्यात कुणाचा नाही." या वेळी तो हसला नाही. पंगतही हसली नाही. सगळे आदराने रावांकडे वळले.

राव भात कालवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कसली खरखर?" ते म्हणाले. "मला तर काही ऐकू येत नाही."

म्हातारा शेफारला, असं कुणीतरी पुटपुटलं. समोरच्या ओळीत सुमंतने घास पानात ठेवला. माईक खरखरत राहिला, आणि रावांच्या पानातला भात प्रथमच गरम होता. तो त्यांनी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.